सुतार इथं होता का? नकाशाबाहेरच्या पक्ष्याच्या खुणा कशा वाचायच्या

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय सुतारपक्ष्याचा आहे, पण मी सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे. चूक जुनी आहे. आता ती सांगायला लाज वाटत नाही, आणि तिच्यातून मी जे शिकलो ते पुस्तकातून शिकलो नसतो.

आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात एका शेतकऱ्याच्या बांधावर शिरीषाचं वाळलेलं झाड होतं. खोडाला ओळीनं तीन भोकं. संध्याकाळची वेळ, ऊन तिरपं. हसल्यासारखा एक खणखणीत आवाज आला आणि सोनेरी पाठीचा सुतार झाडावरून उडाला. उडताना त्याच्या पाठीचा खालचा भाग मला लालभडक दिसला. झालं! पाठीचा खालचा भाग लाल म्हणजे हा मोठा सोनपाठी, घाटाच्या रानातला. तो इथं, माळरानात? मी आनंदानं वहीत नोंद केली, ओळखीच्या चार जणांना कळवलं. एका विद्यार्थ्यानं ती नोंद आपल्या प्रकल्पात घेतली. त्या प्रकल्पावरून ती दुसऱ्या एका यादीत गेली.

पाच-सहा वर्षांनी जुने फोटो चाळताना त्याच पक्ष्याचा एक धूसर फोटो सापडला. मोठा करून पाहिला. गळा काळा, त्यावर पांढरे ठिपके. म्हणजे आपला नेहमीचा सोनपाठी सुतार. मोठ्या सोनपाठीचा गळा पांढरा असतो आणि त्यावर मिशीसारख्या काळ्या रेघा असतात. मग पाठीवरचा तो लाल रंग? तो मावळतीच्या उन्हाचा होता, आणि थोडा माझ्या इच्छेचा. मी नोंद मागे घेतली. पण यादीतून यादीत गेलेली नोंद पूर्ण मागे घेता येत नाही. ती अजून कुठंतरी फिरत असेल.

तर आजचा प्रश्न असा. एखादा सुतारपक्षी त्याच्या माहीत असलेल्या प्रदेशाबाहेर आहे असं म्हणायचं, तर कशाच्या जोरावर म्हणायचं? भोक दिसलं म्हणून? ठकठक ऐकू आली म्हणून? पीस सापडलं म्हणून?

एका जिल्ह्यात दोन मुलुख

आपला अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. पण पक्ष्यांच्या दृष्टीनं हा एक जिल्हा नाहीच. पश्चिमेला अकोले तालुका. तिथं १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, इतका पाऊस. आणि पूर्वेला कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डी. पावसाची वाट बघणारा मुलुख. बोरी-बाभळी, कुसळीचं गवत, काळविटांचं आणि एकेकाळी माळढोकाचंही घर. काळविटांसाठी राखलेलं रेहेकुरी अभयारण्य कर्जत तालुक्यातच आहे, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं.

आता सुतारांकडे या. सोनपाठी सुतार दोन्हीकडे भेटतो. आंब्याच्या बागेत, नारळावर, गावातल्या चिंचेवर. कोरड्या, विरळ झाडीचा खास रहिवासी म्हणजे मराठा सुतार. डोक्याचा पुढचा भाग पिवळसर, अंगावर काळे-पांढरे ठिपके, आकार साधारण बुलबुलाएवढा. याच्या शास्त्रीय नावातच ‘महरॅटेन्सिस’ आहे. जॉन लेथम या इंग्रज पक्षितज्ज्ञानं १८०१ साली ते नाव दिलं. म्हणजे आपल्या मुलखाचं नाव जगभरच्या पक्षिग्रंथांत नेणारा हा पक्षी, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नसतो! त्याहून लहान, चिमणीएवढा, तपकिरी टोपीचा बुटका सुतार. शिवाय सह्याद्रीच्या दाट रानाशी बांधलेले काही सुतार आहेत. पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके असलेला छोटा सुतार, आत्ता सांगितलेला मोठा सोनपाठी, असे.

समजा, उद्या जामखेडच्या कुणी सांगितलं की बदामी ठिपक्यांचा सुतार आमच्या ओढ्याकाठी आहे. तर आपण काय करायचं? हसायचं? की टाळ्या वाजवायच्या? दोन्ही नाही. आधी नकाशा म्हणजे काय ते समजून घ्यायचं.

नकाशा पक्ष्यांचा, की बघणाऱ्यांचा?

पक्ष्यांच्या पुस्तकात प्रत्येक पक्ष्यापुढे छोटा नकाशा असतो. रंगवलेला भाग म्हणजे पक्षी आहे, कोरा भाग म्हणजे नाही, असं आपण धरून चालतो. पण तो रंग कुठून आला? कुणीतरी तिथं गेलं, पाहिलं, लिहून ठेवलं, म्हणून. जिथं कुणी गेलंच नाही तो भागही कोराच राहतो. म्हणजे नकाशातला कोरेपणा दोन प्रकारचा असतो: ‘शोधलं, सापडला नाही’ आणि ‘शोधलंच नाही’. छापलेल्या नकाशात हे दोन्ही एकसारखे पांढरे दिसतात. पुण्याजवळच्या टेकड्यांवर दर रविवारी दुर्बिणी घेतलेले लोक असतात. जामखेडच्या ओढ्याकाठी किती असतात? हात वर करा बघू. बघा, दोन.

त्यामुळे नकाशाबाहेर पक्षी दिसल्याची बातमी आली, तर तिच्या चार शक्यता असतात. एक, पक्षी तिथं आधीपासून होता, आपणच गेलो नव्हतो. दोन, पक्षी खरोखर नव्यानं पसरतो आहे. तीन, एखादा चुकार पक्षी भटकत आला आहे आणि परत जाईल. चार, आपली ओळख चुकली आहे. चौथी शक्यता आपल्याला आवडत नाही म्हणून आपण ती शेवटी बघतो. खरं तर ती सर्वांत आधी बघायला हवी.

का, ते एका साध्या हिशेबानं सांगतो. आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा, एखाद्या तालुक्यात वर्षभरात नेहमीचा सोनपाठी १००० वेळा दिसला. बघणारे जाणकार आहेत, शंभरात एकदाच चुकतात. म्हणजे १० वेळा त्यांनी सोनपाठीलाच काहीतरी दुर्मीळ समजून लिहिलं. त्याच वर्षात खरा दुर्मीळ सुतार समजा २ वेळा दिसला. वहीत दुर्मीळ पक्ष्याच्या एकूण नोंदी किती? १२. त्यातल्या खऱ्या २. सहात एक. लक्षात घ्या, इथं कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी अडाणी नाही. तरीही सहातल्या पाच नोंदी चुकीच्या. पक्षी जितका दुर्मीळ, तितका पुरावा अधिक मागायचा, याचं कारण हा हिशेब आहे. त्यात माणसावर अविश्वास नाही.

खुणा एकेक करून

आता खुणांकडे वळू. सुतार स्वतः दिसला नाही, पण त्याचं काम दिसलं. त्यावरून काय कळतं?

पहिली खूण भोक. सुतार दरवर्षी बहुधा नवं भोक कोरतो. आत आधी आडवा बोगदा आणि मग खाली उतरणारी कोठी. तोंड बरंच गोल, कडा स्वच्छ. बुटक्या सुताराचं तोंड साधारण चार सेंटिमीटरचं; सोनपाठीचं त्याच्या जवळपास दुप्पट. पण थांबा. भोक कोरणारा दुसरा कारागीर आपल्याकडे घरोघरी आहे, तो म्हणजे तांबट. टुक-टुक-टुक करणारा. सुतार आणि तांबट शास्त्रीयदृष्ट्या एकाच गणातले, लांबचे भाऊबंदच. तांबटही मऊ, कुजक्या फांदीत गोल भोक कोरतो, आणि बऱ्याचदा तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला. पाऊस आत जाऊ नये म्हणून. पांगारा, शेवगा, उंबर अशा मऊ लाकडात दोघांचीही कामं सापडतात. लहान, सुबक भोक दिसलं की माझा पहिला संशय तांबटावर असतो.

शिवाय भोक एकाचं राहत नाही. सुतार सोडून गेला की पोपट येतो, तोंड कुरतडून मोठं करतो. मग साळुंकी येते. दयाळ येतो. ढोली मोठी असेल तर पिंगळा. पाच वर्षांनी तुम्ही त्या भोकाचा व्यास मोजता आणि म्हणता, हा केवढा मोठा सुतार! तो सुतार नव्हे, ती पोपटांच्या चोचींची बेरीज आहे.

दुसरी खूण ढलप्या. ही माझी आवडती. ताजं भोक कोरलं जात असताना झाडाच्या बुंध्याशी लाकडाच्या ढलप्या आणि भुसा पडतो. ढलप्या पांढऱ्या-पिवळ्या, ताज्या असतील तर काम याच आठवड्यातलं. भोक इतिहास सांगतं, ढलपी वर्तमान सांगते. भुसा पिठासारखा बारीक असेल तर मात्र तो किड्यांचा. भुंग्याच्या अळ्या आतून पोखरतात तेव्हा पीठ पडतं. आणि भुंगा बाहेर पडताना केलेलं भोक लहान, एकसारखं गुळगुळीत असतं. जणू गिरमिटानं पाडलेलं.

तिसरी खूण सोललेली साल. वाळक्या फांदीची साल उचकटून सुतार खालच्या अळ्या, मुंग्या खातो. पण साल आपोआपही गळते, वाळवीनंही सुटते. म्हणून सालीखालच्या लाकडावर चोचीचे टोचे दिसतात का ते बघायचं. टोचे नसतील तर ती खूण धरायची नाही.

चौथी खूण मुंग्यांचं घर. एक तांबूस सुतार आहे, तो फार गमतीशीर. झाडावर काळ्या मुंग्या चघळलेल्या लगद्याचं फुटबॉलसारखं घर बांधतात. पोट वर उचलून धरणाऱ्या त्या मुंग्या. हा सुतार त्या नांदत्या घरातच भोक पाडतो आणि तिथंच अंडी घालतो. अशा घराला गोल दार दिसलं तर ती खूण बरीच बोलकी असते, कारण हे काम दुसरा पक्षी सहसा करत नाही.

पाचवी खूण पीस. सुताराच्या शेपटीची पिसं कडक असतात. झाडाच्या खोडावर तो उभा राहतो तेव्हा दोन पाय आणि शेपटी अशी तिकाटी होते. त्यामुळे शेपटीच्या मधल्या पिसांची टोकं अणकुचीदार आणि घासलेली दिसतात. असं पीस मिळालं तर ते सुताराचं आहे एवढं ठामपणे म्हणता येतं. पण एक सांगतो, पीस उचलून घरी नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, आणि तिथंच राहू द्या.

सहावी खूण आवाज. इथं तीन गोष्टी वेगळ्या करा. खाण्यासाठीची ठकठक अनियमित असते. दोन ठोके, थांबा, चार ठोके. भोक कोरण्याची ठकठक संथ आणि चिकाटीची. आणि नगारा, म्हणजे कोरड्या, पोकळ फांदीवर अतिशय वेगानं वाजवलेली ठोक्यांची लड, हे खरं तर सुताराचं गाणं आहे. हद्द सांगण्यासाठी, जोडीदाराला बोलावण्यासाठी. हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पहाटे, पानगळीच्या झाडांवर तो ऐकायला सोपा जातो. तोंडाचा आवाज फसवतो, हेही सांगतो. सोनपाठीचं खिदळणं आणि खंड्याचं ओरडणं लांबून एकसारखं वाटतं. कितीतरी जण यात फसले आहेत.

आता या सहा खुणांची बेरीज करा. यातल्या बहुतेक खुणांवरून ‘इथं कुणीतरी सुतार आहे’ एवढंच कळतं. ‘कोणता सुतार’ हे फार थोड्या खुणांवरून कळतं. आणि आपला प्रश्न तर ‘कोणता’ हाच आहे. कारण जिल्ह्यात सुतार सगळीकडे आहेत. नकाशाबाहेर असेल तर एखादी विशिष्ट जात असेल. म्हणून खूण ही आमंत्रण समजा, निकाल समजू नका. खूण दिसली म्हणजे पुन्हा यायचं.

खुणांवर भिस्त ठेवल्याची गोष्ट

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं नाही. अमेरिकेत हस्तिदंती चोचीचा एक प्रचंड सुतार होता. सर्वमान्य असं त्याचं शेवटचं दर्शन १९४४ सालचं, लुईझियाना राज्यातल्या सिंगर ट्रॅक्ट नावाच्या जंगलातलं. ते जंगलही तोडलं गेलं. मग २००५ साली एका नामवंत विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की आर्कान्सा राज्यातल्या दलदलीच्या रानात हा पक्षी जिवंत आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख आला. पुरावा काय? काही जणांनी पाहिल्याची वर्णनं, जोडठोक्यांचे ध्वनिमुद्रण, आणि उडून जाणाऱ्या पक्ष्याची जेमतेम चार सेकंदांची धूसर चित्रफीत. पुढच्याच वर्षी दुसऱ्या तज्ज्ञांनी त्याच नियतकालिकात लिहिलं की चित्रफितीतला पक्षी नेहमी दिसणारा दुसरा मोठा सुतार असावा. मग वर्षानुवर्षं शोध झाला. सोललेल्या साली मोजल्या, भोकं मोजली, झाडांवर ध्वनिमुद्रक बसवले. सगळ्यांना पटेल असा एक स्पष्ट फोटो मिळाला नाही. २०२१ मध्ये सरकारनं हा पक्षी नामशेष जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. २०२३ मध्ये इतर २१ जातींबद्दल तसा अंतिम निर्णय झाला, पण या सुताराचं नाव त्यातून बाजूला ठेवलं गेलं. वाद अजून मिटलेला नाही.

माझी चूक आणि ही गोष्ट यांत आकाराचा फरक आहे, जातीचा नाही. धूसर पुरावा आणि तीव्र इच्छा एकत्र आल्या की डोळे आपल्याला हवं ते दाखवतात.

आणि आपल्या घरची गोष्ट

पण मी तुम्हाला नुसतं घाबरवून घरी पाठवणार नाही. आपल्याच राज्यातली उलटी गोष्ट ऐका. ती सुताराची नाही, रानपिंगळ्याची आहे. पण तोही झाडाच्या ढोलीत राहणारा, आणि त्याच्या नकाशाची कथा आपल्याला हवी तीच आहे.

रानपिंगळा १८८४ नंतर शास्त्राला सापडलाच नव्हता. संग्रहालयांमध्ये मोजके नमुने. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. लेबलावर लिहिलेलं: १९१४, मांडवी, गुजरात. म्हणजे सर्वांत अलीकडचा नमुना हाच, त्यामुळे शोधणाऱ्यांचं लक्ष तिकडे जाणार. पॅमेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेनं ते नमुने बारकाईनं तपासले आणि लक्षात आलं की हा नमुना चोरीचा आहे. खानदेशात गोळा केलेला जुना नमुना उचलून, त्याला नवं लेबल लावून आपल्या नावावर घातलेला. पक्ष्याच्या प्रदेशाबाहेरची एक खोटी नोंद! ती बाजूला ठेवली, आणि खरे नमुने जिथून आले होते तिथं शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

गोष्ट इथं संपत नाही. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडला, फोटोसह. सह्याद्रीच्या बाजूला तो असेल असं तोवर नकाशात नव्हतं. तानसा शहापूर तालुक्यात. आपल्या रतनगडावरून, सांदण दरीच्या तोंडाशी उभं राहून खाली बघा, तो शहापूर तालुकाच दिसतो. म्हणजे नकाशाबाहेरचा पक्षी आपल्या कड्याखाली येऊन बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

या दोन नोंदी शेजारी ठेवा. मांडवीची नोंद खोटी. तिनं शोध भरकटवला. तानशाची नोंद खरी. तिनं एका जंगलाची किंमत वाढवली. कागदावर दोन्ही दिसायला सारख्याच: पक्ष्याचं नाव, जागा, वर्ष. फरक पडला तो तपासता येण्याजोग्या पुराव्यानं.

झाडाचं वय सांगणारा पक्षी

आता कुणी म्हणेल, एक सुतार इकडे की तिकडे, एवढं काय बिघडलं? बिघडतं ते सांगतो.

सुताराला झाड हवं, एवढंच पुरत नाही. त्याला म्हातारं झाड हवं, एखादी तरी मेलेली फांदी असलेलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे खाली वाहू लागले, काठानं झाडी आणि बागा वाढल्या. हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, माळावर झाडं उभी राहिली. आपण लागवडीचे आकडे मोजतो: अमुक हजार रोपं. पण रोप लावल्यावर सुतार लगेच येत नाही. झाड मोठं व्हावं लागतं, त्याची एखादी फांदी वाळावी लागते, ती कुणी सरपणाला न नेता तशीच राहावी लागते. मग तो येतो. म्हणजे पूर्वेकडच्या एखाद्या गावात सुताराची ताजी ढलपी सापडली, तर ती सांगते की इथली झाडं वयात आली आहेत. वृक्षलागवडीच्या अहवालात हा रकाना नसतो.

आणि उलट बाजूही आहे. रस्ता रुंद करताना जुने वड, चिंचा, कडुनिंब जातात. सर्वेक्षणाच्या कागदावर ‘वाळलेले, निरुपयोगी’ असा शेरा सर्वांत आधी ज्या झाडावर पडतो, नेमकं तेच सुताराचं झाड असतं. त्यावर पोट असलेले पोपट, साळुंक्या, पिंगळे, सगळे एका कुऱ्हाडीत बेघर. अशा वेळी कुणाच्या तरी वहीत तारीख, जागा, फोटो यांसह नोंद असेल तर निदान बोलायला काहीतरी असतं. पण तीच नोंद माझ्या त्या लाल पाठीसारखी निघाली, तर पुढच्या वेळी खरं बोलणाऱ्यालाही कुणी ऐकणार नाही. म्हणून हा खटाटोप.

मग करायचं काय?

सोपं आहे, पण चिकाटीचं आहे. संशयास्पद भोक दिसलं की झाडाची जात लिहा. जिवंत की वाळलेलं, भोक जमिनीपासून किती उंच, उभ्या खोडात की तिरप्या फांदीखाली. बुंध्याशी ढलप्या आहेत का ते बघा. फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी शक्य नसेल तर हात किंवा वही दिसू द्या. पक्षी दिसला तर पुस्तक उघडण्याआधी वर्णन लिहा. हे फार महत्त्वाचं. पुस्तक पाहिलं की आठवण त्या चित्राकडे झुकते. गळा, पाठीचा खालचा भाग, डोक्याच्या मागची बाजू, या तीन जागा सुतारांत निर्णायक असतात. न दिसलेली गोष्ट ‘दिसली नाही’ असं लिहा. प्रकाश कुठून होता तेही लिहा; मी लिहिलं असतं तर वाचलो असतो.

मग पुन्हा जा. पहाटे जा. तीनदा जाऊन काही दिसलं नाही तर तेही तारखेसह लिहा, कारण ‘शोधलं, सापडला नाही’ ही नोंद नकाशातला पांढरा रंग प्रामाणिक करते. दुसऱ्या माणसाला न सांगता घेऊन जा, म्हणजे काय अपेक्षित आहे ते न सांगता, आणि त्याला काय दिसतं ते विचारा.

आणि गावातल्या माणसाला विचारा. शिरीषाच्या त्या झाडाचा मालक शेतकरी मला त्या दिवशी म्हणाला होता, “सर, तुम्ही म्हणताय म्हणून नवीन. आमच्या आजीच्या वेळेपासून हा सुतार इथंच आहे.” मी हसून मान डोलावली आणि वहीत ‘नवीन नोंद’ असं लिहिलं. बरोबर कोण होता, ते आता तुम्हाला माहीत आहे.

प्रश्नोत्तरे

*मोबाईलवरचं ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. ते पुरावा म्हणून चालेल का?*

ॲप चांगलं सूचक आहे, साक्षीदार नाही. खंड्या आणि सोनपाठी यांत आपली गल्लत होते तशी त्याचीही होऊ शकते. ॲपनं नाव सांगितलं हे लिहू नका. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवा. ते दुसरा माणूस ऐकू शकतो, दहा वर्षांनीही. ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंद टाकाल तर ध्वनिमुद्रण, फोटो आणि वर्णन सोबत जोडा. तिथले तपासनीस प्रश्न विचारतील. रागावू नका. मला तसे प्रश्न त्या वेळी कुणी विचारले असते तर बरं झालं असतं.

*रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून सुताराला बोलावलं तर?*

विणीच्या दिवसांत करू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. अंडी-पिल्लं सोडून तो भांडायला येतो. आपल्या एका नोंदीसाठी त्याचं घरटं वाया जायला नको.

*इतकं डोकं आपटून त्याला काही होत कसं नाही? कवटीत स्पंज असतो म्हणतात.*

बरीच वर्षं तसंच सांगितलं जायचं, मीही सांगायचो. २०२२ मध्ये बेल्जियमच्या सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान चित्रीकरणातून दाखवलं की कवटी धक्का शोषत नाही. ती ताठ हातोडीसारखीच वागते. धक्का शोषला असता तर लाकडाला ठोका कमी बसला असता, म्हणजे मेहनत फुकट. मेंदू लहान आणि हलका असल्यामुळे तो धोक्याच्या मर्यादेत राहतो. बघा, पाठ्यपुस्तकातली नोंदही मागे घ्यावी लागते.

*सुतार झाड मारतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. नारळाला भोकं पाडतो तेव्हा काय करायचं?*

बहुतेक वेळा लाकूड आधीच किडलेलं किंवा कुजायला लागलेलं असतं, म्हणून तो तिथं येतो. तो रोग आणत नाही, रोगाचा पत्ता सांगतो. नारळाला भोक दिसलं तर आधी सोंड्या किंवा गेंड्या भुंगा लागलाय का ते तपासा. आणि बांधावरचं एखादं वाळकं झाड घरावर, वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर उभं राहू द्या. शिरीषाचं ते झाड अजून उभं आहे. मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो, बुंध्याशी ताज्या ढलप्या होत्या. या वेळी मी पक्षी नीट दिसेपर्यंत बसलो. काळा गळा, पांढरे ठिपके. वहीत लिहिलं: सोनपाठी सुतार, एक, नेहमीचा.